मिटलं का फिटलं?

कुंदाताईंच्या दुकानात एका झेरॉक्सचे दोन रुपये पडायचे. वाचनाचे पैसे नव्हते. पण ते नको म्हणायची सोयही नव्हती.

पनवेलला तहसील कचेरीच्या मागच्या गल्लीत, एका जुन्या दुमजली इमारतीच्या जिन्याखाली ते दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालची फटच. एक झेरॉक्स मशीन, एक कॉम्प्युटर, लॅमिनेशनचं यंत्र आणि उरलेल्या जागेत कुंदाताई. अंगाने भरल्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, केसांत रोज अबोलीची वेणी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. बाकीचे दुकानदार कागद घेतात आणि मशीनच्या काचेवर टाकतात. कुंदाताई ते आधी डोळ्यांपुढे धरायच्या. शेवटचं पान पहिलं, मग मधली, मग वरचं. गिऱ्हाईक चुळबुळायचं. "ओ काकी, नुसती कॉपी काढायचीय," म्हणायचं. कुंदाताई मान वर न करता म्हणायच्या, "मशीन तापू दे जरा."

मशीन सकाळपासून तापलेलंच असायचं. इतकं, की दुपारच्या तांदळाच्या भाकऱ्या फडक्यात गुंडाळून त्या त्याच्याच पाठीवर ठेवायच्या, शेजारी सुकटीचा डबा. जेवणाच्या वेळेला निघालेल्या कागदांना वास यायचा. कचेरीतला एक कारकून म्हणे अर्ज नाकाशी नेऊन म्हणायचा, "कुंदाबाईकडची कॉपी आहे, म्हणजे कागद पुरे असणार." हे मला त्यांनीच सांगितलं, त्यामुळे खरं-खोटं देव जाणे.

एकदा एक गाडीवाले शेठ आले होते. गळ्यात दोन पदरी साखळी, हातात फ्लॅटचा करारनामा, पाच कॉप्या हव्या होत्या. कुंदाताईंनी नेहमीप्रमाणे मागून वाचायला घेतलं आणि थांबल्या.

"शेठ, अकरावं पान नाय."

"तुला काय करायचंय? आहे तेवढं काढ."

"काढते ना. पन अकरावं नाय. दहाव्यावर 'खालीलप्रमाणे' लिवलंय नि बाराव्यावर एकदम सह्या. खालीलप्रमाणे काय, ते कोनाला म्हाईत?"

शेठ चिडून सगळा गठ्ठा उचलून शेजारच्या दुकानात गेले. तासाभराने परत आले.  कुंदाताईंनी हात पुढे केला. आता गठ्ठ्यात अकरावं पान होतं. त्यांनी ते तिथल्या तिथे शेठसमोर वाचलं, चांगलं दोनदा, आणि म्हणाल्या, "पार्किंग तुमचं नाय हाय यात. बगा बाबा." शेठ फोन काढून लांब जाऊन ओरडायला लागले. पाच कॉप्यांचा धंदा त्या दिवशी बुडालाच.

धंदा असा बुडवण्यात त्या पटाईत होत्या. माथेरानच्या डोंगराकडच्या एका वाडीतून एक नवरा-बायको जातीच्या दाखल्यासाठी आले होते. वीटभट्टीवर काम करणारी माणसं. एका कागदावर बापाचं नाव 'लहू', दुसऱ्यावर 'लवू'. ताईंनी कॉप्या काढायला साफ नकार दिला. "आज नाय काढत. काढल्या तं तू त्या आत देशील, नि ते तुना सहा महिने फिरवतील. आदी हे एक कर." एका कागदाच्या मागे पेन्सिलीने कुठल्या टेबलावर जायचं आणि काय म्हणायचं ते लिहून दिलं. बाई म्हणाली, "मला वाचता येत नाय." ताई म्हणाल्या, "मंग त्या साहेबालाच वाचाया दे. त्याला येतं."

असं का करता, म्हणून मी त्यांना एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "लाइट जाते तवा बसून काय करू?" पुढे केव्हातरी पुन्हा विचारलं, तर म्हणाल्या, "कागद मिठासारका. जिबेवर ठेवल्याबिगर खारट का कडू ते कलत नाय." त्यांचं माहेर आणि सासर दोन्ही गव्हाण-उलव्याच्या पट्ट्यातलं, मिठागरवाल्यांचं. जमिनी गेल्या, पैसे आले, मुलांनी गाड्या घेतल्या, उलव्याला टॉवरमध्ये घरं झाली. आणि ही बाई रोज सकाळी तिथून शेअर रिक्षाने पनवेलला येऊन दोन रुपयांना कागद विकत होती. त्यांच्या सुना म्हणे लाजायच्या. "त्या लाजतात म्हनून मी लिपस्टिक लावून येऊ का?" असं त्या विचारायच्या.

शाळा चौथीपर्यंत. पण फॉर्मवरची इंग्रजी पक्की. म्हणजे इंग्रजी बोलता येत नव्हतं, वाचताही तसं नाही. पण 'नॉमिनी', 'गॅरंटर', 'सरेंडर' असले शब्द त्या वासावरून ओळखायच्या. नवीन शब्द आला की एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मशीनच्या वर भिंतीला चिकटवायचा, आणि शहाण्या दिसणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचं. वकील असो, तलाठी असो, कॉलेजची पोरगी असो. तिघांचं उत्तर जुळलं की कागद खाली यायचा. जुळेपर्यंत तिथेच.

मी उदगीरकडची. शाळा आठवीत सुटली. लग्न होऊन इकडे आले तेव्हा समुद्राची हवा कशी असते तेही माहीत नव्हतं. कपडे वाळत नाहीत एवढंच पहिलं कळलं. सुकापूरला एका खोलीत राहायचं आणि तिथल्याच एका टेलरिंगच्या दुकानात ब्लाउज शिवायचे. मशीन मालकिणीचं, त्यामुळे शिलाईतला मोठा भाग तिचा. मला स्वतःचं मशीन हवं होतं. साधं नव्हे, कॉम्प्युटरवर नक्षी काढणारं, भरतकामाचं. इकडे लग्नाच्या ब्लाउजला पाठीवर मोर हवा असतो, आणि मोराचे पैसे चांगले मिळतात. त्या मशीनला कर्ज लागणार होतं, आणि कर्ज म्हटलं की सगळीकडून एकच उत्तर यायचं: स्कोअर, म्हणजे कर्जफेडीचा आकडा, बसत नाही. मग कुणीतरी सांगितलं, आधी क्रेडिट कार्ड घे, ते वापरलं की स्कोअर वाढतो. म्हणून मी कार्डाच्या मागे लागले.

त्या दिवशी मी आधार आणि पॅनची झेरॉक्स काढायला गेले होते. एका मोठ्या दुकानाच्या दारात छत्री लावून बसलेल्या मुलाने फॉर्म दिला होता. कुंदाताईंनी फॉर्म मागून वाचला.

"कारडाचा हाय ना गो? कितवा?"

मला आधी कळलंच नाही. मग म्हटलं, "सहावा. या दोन महिन्यांत."

त्यांनी मशीनचं झाकण धाडकन बंद केलं. "पाच घरी पोरगी दाखवलीस नि पाचांनी नाय बोल्लं, तं सावा येल का? हे कारडवाले सगले एकाच चावडीवर बसतात बाय. कोनी इचारलं, कोनी नाय बोल्लं, सगलं लिवून ठेवतात. तू जेवरा अर्ज करशील तेवरी तुजी किंमत उतरल."

 मी घाबरट आहे, हे इथेच सांगून टाकते. बँकेचा मेसेज आला तरी तो मी दुसऱ्या दिवशी उघडते. मी म्हणाले, "पण ताई, माझ्याकडं चांगल्या वागणुकीचा कागद आहे. मी तो प्रत्येक अर्जाला जोडते."

"कसला कागद?"

पिशवीतून काढून दिला. तो मी लॅमिनेट करून ठेवलेला होता. घरी देवांच्या फळीवर असायचा, अर्ज करायचा असला की खाली काढायचे.

आधी त्या कागदाचं सांगते. कोरोनाच्या आधी भावासाठी माझ्या नावावर हप्त्यांनी फोन घेतला होता. लॉकडाउनमध्ये शिलाई बंद पडली, भावाचं काम गेलं, हप्ते थकले. मग वसुलीवाल्याचे फोन सुरू झाले. दिवसाला दहा-बारा. शेवटी तो म्हणाला, ताई, सगळे नका देऊ, इतके द्या, सेटल करून टाकू, विषय संपला. मी कानातलं मोडलं आणि दिले. त्याने कंपनीचं पत्र पाठवलं. त्यात इंग्रजीत छापलं होतं, सेटल्ड. मला तो शब्द फार आवडला. आमच्याकडं चांगल्या घरच्या पोराला 'सेटल आहे' म्हणतात. माझंही खातं सेटल झालं, याचा इतका आनंद झाला की मी त्याला प्लास्टिक चढवून घेतलं.

कुंदाताई कागद उलटसुलट बघत राहिल्या. मजकुराआधी त्यांनी कोपरे बघितले. लॅमिनेशन केलेल्या कागदाचे टोकदार कोपरे हाताला लागू नयेत म्हणून त्या कात्रीने गोल करून द्यायच्या. पनवेलमध्ये दुसरं कुणी करत नसावं.

"हे मी केलंय," त्या म्हणाल्या.

"हो ताई. दोन वर्षं झाली. शाळांच्या ॲडमिशनची गर्दी होती तेव्हा. तुम्ही लगेच करून दिलं."

"नि मी वाचलं नाय."

 मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांना ताईंनी हाताने 'दुसरीकडे जा' अशी खूण केली. मग मला विचारलं, "हे मिटलं का फिटलं?"

"म्हणजे?"

"मिटनं येगलं, फिटनं येगलं. भांडान मिटतं. कर्ज फिटतं. तुजं भांडान मिटलंय गो बाय. त्यांनी तुज्याशी तंटा सोडला. पन लिवून ठेवलंय, का हिनं पुरं दिलं नाय. नि तू तेच पत्र मालेवानी मिरवतंस. चोरानं आपला पंचनामा फ्रेम करून लावावा, तसं."

मी तिथे, रस्त्यावर, रडले. त्यांनी रडू दिलं. पाणी वगैरे दिलं नाही. कॉम्प्युटर चालू केला आणि म्हणाल्या, "वर्साला एक रिपोर्ट फुकट भेटतो असं एक पोरगा बोलत व्हता. मी कधी पायला नाय. फोन दे, नंबर येल तो सांग." त्यांचे डोळे अगदी मुलीसारखे चमकत होते. माझ्या आयुष्याचा पंचनामा बाहेर येणार होता आणि या बाईला नवीन प्रकारचा कागद बघायला मिळणार म्हणून आनंद झाला होता. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगते, त्या आनंदानेच माझी भीती निम्मी झाली. कुणीतरी माझ्या चुकीकडे शिक्षा म्हणून नव्हे, कोडं म्हणून बघत होतं.

रिपोर्ट आला. त्यांनी सगळी पानं छापली, मशीनवर पसरली आणि बोट ठेवत ठेवत वाचली. पाच कार्डवाल्यांच्या पाच चौकशा तारखांसकट होत्या. फोनचं कर्ज होतं. त्याच्यापुढे तोच शब्द. ताईंनी तो कोऱ्या कागदावर लिहून भिंतीला लावला, आणि पुढचा आठवडाभर बँकेतली, वकिलीतली, अकाउंटवाली जी जी माणसं आली त्यांना विचारलं. मी रोज संध्याकाळी उत्तर ऐकायला जायचे. तिसऱ्या माणसाचं उत्तर जुळलं तेव्हा कागद खाली आला. उरलेली रक्कम भरायची, काही देणं नाही असं पत्र घ्यायचं, आणि 'सेटल्ड'च्या जागी 'क्लोज्ड' लिहायला लावायचं.

"म्हंजे पैसे देऊन यायचे. सोपं हाय," त्या म्हणाल्या.

तेवढं सोपं नव्हतं. कंपनीची कचेरी बेलापूरला, काचेच्या इमारतीत. कुंदाताईंनी त्या दिवशी दुकान बंद ठेवलं. सणालाही अर्धा दिवस उघडणारी बाई; शेजारच्या चहावाल्याने विचारलं, "घरी काय झालंय का?" ताई म्हणाल्या, "माजं एक वाचायचं राहिलंय."

काउंटरवरचा मुलगा चांगला होता, टाय लावलेला, कोवळा. त्याने खातं बघितलं आणि हसून म्हणाला, "मॅडम, तुम्हाला काही भरायचं नाहीये. खातं बंद आहे."

"बंद हाय तं तसं लिव ना," ताई म्हणाल्या.

"लिहिलंय ना, सेटल्ड."

"ते पुसून क्लोज लिव. उरलेले पैसे घे."

"अहो, ते आम्ही सोडून दिलेत."

"तू सोडलेस बाबा. हिच्या कपालावरून ते कोन पुसनार?"

मुलाने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर म्हणाले की त्यांच्या सिस्टिममध्ये पैसे घ्यायला रकानाच नाही. दोन बायका पैसे घ्या म्हणून मागे लागल्यात आणि वसुलीची कंपनी नको नको म्हणतेय. तिथे बसलेली बाकीची माणसं, जी बिचारी मुदत वाढवून मागायला आली होती, आमच्याकडे वेड्यासारखी बघत होती. एक म्हातारे गृहस्थ ताईंना म्हणाले, "एवढेच जास्त झाले असतील तर माझ्या खात्यात भरा." ताई म्हणाल्या, "तुमचा कागद दावा आदी." आणि खरोखर, त्यांचा कागद घेऊन वाचत बसल्या.

तीन खेपा झाल्या. दुसऱ्या खेपेला अर्ज लिहून दिला, तिसऱ्या खेपेला मुंबईच्या कचेरीतून परवानगी आली आणि पैसे घेतले. ते पैसे मी ज्या दिवशी भरले त्या दिवशी मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. पत्र हातात येईपर्यंत मी तीन रात्री जागी होते. पत्र आलं तेव्हा मी ते दुकानात नेलं आणि, नको तेच बोलले, "लॅमिनेट करा."

"आता नाय," त्या म्हणाल्या. "रिपोर्टात बदललेलं दिसू दे. तवर हे पत्र म्हंजे नुसतं कंपनीच्या तोंडचं बोलनं."

बदलायला दोन महिने लागले. मग कार्ड. ते असं मिळालं: बँकेत ठेव ठेवायची, ती ठेव तारण, आणि तेवढ्यावर कार्ड. मालकिणीकडून दिवाळीच्या शिलाईचे पैसे आगाऊ घेऊन, माझ्या भिशीचा नंबर लागला त्यात घालून पंधरा हजार उभे केले. बँकेतल्या बाईंनी माझ्यासोबत आलेल्या ताईंना सहज विचारलं, "काकी, तुम्ही पण घ्या की कार्ड." ताई म्हणाल्या, "माजा स्कोर बगा की. मना पन बगायचाय." बाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "तुमचा स्कोअरच नाहीये. हिस्ट्री नाही."

"नाय म्हंजे?"

"म्हणजे तुम्ही कधी कर्ज घेतलंच नाही, त्यामुळे इतिहास नाही."

मी कुंदाताईंना इतकं दुखावलेलं कधी पाहिलं नव्हतं. "साठ वर्सांची हाय मी," त्या म्हणाल्या. "सासऱ्यानं मिठागर चालवलं, मी डोकीवरून मीठ वायलं. तीन पोरं वाडवली. जमिनीच्या मोर्च्याला काठी खाल्ली, ही बगा निशानी. नि ह्यांच्याकडं माजा इतिहास नाय? मंग हिचा कसा हाय? हिनं तं बुडवलं व्हतं!"

बँकेतल्या बाई हसू दाबत होत्या. मीही. तशाच रागात ताईंनी ठेव ठेवून कार्ड घेतलं, आणि त्यावर पहिल्यांदा काय घेतलं, तर झेरॉक्सच्या कागदाचा एक गठ्ठा. दुसऱ्या दिवशी सकाळी बँक उघडायच्या आत त्याचे पैसे भरायला दारात उभ्या होत्या. बिल महिन्याने येतं हे त्यांना पटवायला मला दोन दिवस लागले. त्या कार्डापुरती मी त्यांची मास्तरीण झाले, आणि ती तेवढीच एक जागा.

कार्ड कसं वापरायचं हे मात्र त्यांनीच शिकवलं. मिठागराला बांध असतो आणि बांधात उघाडी, म्हणजे भरतीचं पाणी आत घ्यायचं दार. त्यांचा सगळा हिशेब त्यावर. "पानी लागंल तेवरंच घ्यायाचं नि दार लावायाचं. इसरलीस तं बांध जातो. बांध गेला का खारं पानी शेतात, मंग सात वर्सं काय पिकत नाय." म्हणून मी कार्डावर फक्त फोनचा रिचार्ज आणि दोऱ्यांची रिळं घ्यायचे. पहिलं बिल आलं त्यावर खाली लिहिलेलं होतं, किमान रक्कम इतकी. मला वाटलं, बायकांना सवलत असेल. धावत दुकानात गेले. ताईंनी बिल मागून वाचलं आणि कपाळाला हात लावला. "किमान भरशील तं किमानच मानूस राशील. पुरे भर."

पुढे कॉम्प्युटरवर नुसता स्कोअर कधीही फुकट दिसतो असं कळलं, तशी मी रोज तो बघायला दुकानात जाऊ लागले. रोज तोच आकडा. एकदा चार अंकांनी खाली आला तर मी दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. ताई म्हणाल्या, "भात शिजताना घडीघडी झाकान काढलं तं वाफ जाते. महिन्यानं ये." मी महिन्याने गेले नाही, आठवड्याने गेले. त्यांनी मला स्कोअर दाखवला नाही. दुसऱ्या कुणाचा वारसाचा अर्ज समोर टाकला आणि म्हणाल्या, "याच्यात चूक काड." तासाभराने ती मला सापडली. बहिणीचं नाव गाळलेलं होतं. ताई इतक्या खूश झाल्या की मला अर्धी भाकरी दिली, मशीनवरची, कडेला जरा शाई लागलेली. त्यानंतर मी जायचे ते त्यासाठी. स्कोअर विचारायचं राहून जायचं.

सव्वा वर्षाने त्यांनीच आठवण केली. "अर्ज कर आता मशीनचा. एकच कर. एकाच घरी."

एकाच ठिकाणी केला. कागद त्यांनी लावले, क्रमाने, टाचणीसुद्धा त्यांनीच मारली. ओळखीच्या दोन माणसांची नावं आणि नंबर द्यायचे होते, कंपनी त्यांना फोन करून चौकशी करते. एक नाव माझ्या मालकिणीचं दिलं. दुसरं लिहिताना मी थांबले, कारण घरचं माणूस चालत नव्हतं, आणि इथे पनवेलमध्ये माझं असं दुसरं कुणी नव्हतं. मी विचारलं, "तुमचं लिहू?" त्या म्हणाल्या, "लिव. पन बरं बोलंन असं समजू नको."

दोन दिवसांनी दुपारी मी त्यांना सांगायला निघाले, की फोन येईल, चालू ठेवा. गल्लीत वळले आणि रस्त्याच्या या बाजूला, उसाच्या रसाच्या गाडीजवळ थांबले. कुंदाताई बाहेर उन्हात उभ्या होत्या. दुकानाच्या वेळेत मी त्यांना कधी उभं पाहिलं नव्हतं. जिन्याखाली तीन गिऱ्हाइकं हातात कागद घेऊन ताटकळत होती. फोन कानाला, चष्मा डोक्यावर, आणि दुसरा हात हवेत. आधी त्यांनी हात कमरेएवढा धरला. मग बोलता बोलता खांद्याएवढा. मग पुन्हा खाली, आणि पुन्हा वर, यावेळी जरा जास्तच. मग बोटांवर काहीतरी मोजू लागल्या, चौथ्या बोटाशी अडल्या, आठवून पाचवं मिटलं. समोरचा मध्ये बोलला असावा, कारण त्यांनी हात झटकून त्याला गप्प केलं, जणू तो समोरच उभा होता.

मी रस्ता ओलांडायला एक पाऊल टाकलं. त्यांना मी दिसले. बोलणं न थांबवता त्यांनी पंजा माझ्याकडे केला: तिथंच थांब. मी थांबले. रसवाल्याने विचारलं, "ताई, ग्लास देऊ?" मी नको म्हटलं.  पंधरा मिनिटं तरी त्या बोलत होत्या. त्यातला एक शब्द मला ऐकू आला नाही, डंपर जात होते.

कर्ज मिळालं. आठ दिवसांत मशीन सुकापूरला आलं, दोन हमालांनी खोलीत चढवलं, आणि त्यावरचा पहिला मोर जरा वाकडा निघाला. मी ताईंना दहादा विचारलं, त्या दिवशी काय सांगितलंत? "तुना मशीन भेटलं ना? मंग? ते माजं नि त्या पोऱ्याचं बोलनं." पुढच्या वर्षी ती इमारत पाडायला काढली. गुडघ्यांनीही त्यांना रोज येऊ दिलं नसतंच. आता त्या उलव्याला लेकाकडे बाराव्या मजल्यावर असतात. फोन करतात, लिफ्टमध्ये लावलेली सोसायटीची नोटीस मला वाचून दाखवतात आणि त्यात काय गाळलंय ते सांगतात. मी जाऊनही आले दोनदा.

पण डोळे मिटले की मला दिसतात त्या गल्लीतल्या. उन्हात उभ्या, कुठल्याशा अनोळखी माणसाला माझ्याविषयी काहीतरी पटवून देणाऱ्या, आणि हवेत वर वर जाणारा तो हात. मी मापं घेऊन पोट भरणारी बाई, पण ते कशाचं माप होतं ते मला अजून कळलेलं नाही.